शेजाऱ्यांनी मिळून वाणसामान आणणं: मदत की नुसती बचत?

तिसरा मजला
डोंबिवलीतल्या आमच्या चाळीत दिवाळीपासून 22 बिऱ्हाडं मिळून वाशीच्या घाऊक बाजारातून महिन्याचं सामान आणतोय. तांदूळ, गहू, तूरडाळ, साखर, शेंगदाणे. टेम्पोभाडं, हमाली धरूनही तूरडाळ किलोमागे 18-20 रुपयांनी स्वस्त पडली. पगार झाल्यावरच्या रविवारी आमच्या ओटीवर वजनकाटा मांडतो. 50 किलोचं पोतं वाटताना शेवटी पाव-अर्धा किलोची तूट येतेच, ती सगळ्यांच्यात विभागतो. यात नवं काही नाही. मुंबई ग्राहक पंचायत 1975 पासून दुकान न थाटता हेच करते: शेजारच्या घरांचा संघ, एकत्र मागणी, सामान एका घरी उतरवून घ्यायचं आणि आपसांत वाटायचं. प्रत्येक चाळीने हे करावं असं माझं ठाम मत आहे.

दुकानदाराची लेक
माझा विरोध आहे, आणि तो गल्ल्यापुरता नाही. 2020च्या टाळेबंदीत आमच्या दुकानाची उधारीची वही भरून गेली होती. रिक्षावाले, घरकामाच्या बायका, ज्यांची कमाई एका दिवसात थांबली, त्यांना बाबांनी पीठ-तेल दिलं. काही पैसे आजतागायत आले नाहीत. घाऊक बाजार असं खातं लिहितो का? रोख देणारी गिऱ्हाइकं तुम्ही तिकडे नेलीत, तर उधारीवाल्यांना सांभाळायला आमच्या हातात काय उरतं?

नायगाव
ताई, तुमच्या बाबांबद्दल आदर आहे. पण उधारी नेहमी इतकी मायेची नसते. गिरणगावात माझी आजी खानावळ चालवायची. कामगार पगार झाल्यावर पैसे देत, तोवर माल उधारीवर. भाव वाणी सांगेल तो, वर सावकाराचं व्याज. या बायकांसाठीच प्रेमाताई पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. हातात रोख आल्यावर त्यांना वाण्याशी भाव करता आला. एकट्या बाईला बँकेने दारात उभं केलं नसतं.

रेशनची रांग
तुम्ही सगळे सरकारला फार सहज सोडताय. स्वस्त धान्य हा 2013च्या अन्नसुरक्षा कायद्याने दिलेला हक्क आहे, माणशी महिना 5 किलो. पण राज्यात शहरी भागासाठी उत्पन्नाची मर्यादा वर्षाला 59,000 रुपये ठेवली. म्हणजे महिन्याला पाच हजारही नाहीत. बारा हजार पगाराचा वॉचमन त्यात बसत नाही. ज्यांना मिळतं त्यांनाही गहू-तांदूळ. डाळ आणि तेल त्या हक्कात नाहीत, आणि पोरांच्या ताटातून आधी डाळच पातळ होते. चाळीचा उत्साह रेशन कार्यालयावर मोर्चा नेण्यात लागला असता तर जास्त लोकांचं भलं झालं असतं. आणि खरं सांगा, तुमच्या 22 बिऱ्हाडांत आगाऊ पैसे न देणारं एक तरी आहे का?

तिसरा मजला
नाही. प्रश्न लागला मला. तळमजल्यावरच्या काकू चार घरची धुणीभांडी करतात. पहिले दोन महिने आमच्यात होत्या, मग "पुढच्या वेळी बघू" म्हणाल्या. एकदम अडीच हजार त्यांच्या हातात कधीच नसतात, हे आमच्या लक्षातही आलं नाही. त्या पाव किलो डाळ सुट्टी आणतात, म्हणजे चाळीतली सगळ्यात महाग डाळ त्यांच्याच घरी शिजते. जे वाचतंय ते ज्यांच्याकडे आधीच होतं त्यांचं. मोर्चाचं पटतं, पण तो निकाली निघेपर्यंत काकूंनी थांबावं असं नाही म्हणू शकत. प्रत्येक घराच्या बचतीतून महिना 50 रुपये बाजूला काढून, हप्त्याने देणाऱ्यांचा माल त्यातून भरायचा, असं मांडणार आहे.

दुकानदाराची लेक
हे केलंत तर माझा अर्धा विरोध मागे. पण वसुलीचं आत्ताच ठरवा. बाबा उधारी मागायला कधी कुणाच्या दारात गेले नाहीत, माणूस दुकानात एकटा असताना हळूच विचारायचे. तुमच्या ओटीवर 22 घरांसमोर काकूंचा हप्ता वाचून दाखवलात, तर त्या तिसऱ्यांदा येणार नाहीत.

तिसरा मजला
मान्य. हप्त्याची वही काट्यापाशी ठेवणार नाही. ती कुणाकडे द्यायची, हे काकूंनाच विचारतो.