मदत हवी आहे : ड्रायव्हर रिव्ह्यू करताना फंक्शनचे पॅरामीटर कळतच नाहीत

मंडळी,

सध्या लिनक्सच्या एका इथरनेट ड्रायव्हरचे पॅच (कोडमधले बदल) तपासतेय. कर्नलचं सी बऱ्यापैकी कळतं, पण एका ठिकाणी रोज अडते. डिफमध्ये (कोडचा फक्त बदललेला भाग दाखवणाऱ्या मजकुरात) अशी ओळ येते :

आरएक्स_फिल्टर_अ‍ॅड(प्रिव्ह, २, ५, ०, ट्रू, फॉल्स);

यातला २ कशाचा, ५ कशाचा? ट्रू म्हणजे नक्की काय खरं? फंक्शनचं डिक्लरेशन हेडर फाईलमध्ये आहे आणि पॅचने ती फाईल बदललेली नसल्यामुळे डिफमध्ये ते दिसत नाही. हेडर उघडलं की कळतं : प्रिव्ह (ड्रायव्हरचा स्वतःचा डेटा) सोडला तर आधी क्यू नंबर (आलेली पॅकेट्स कोणत्या रांगेत टाकायची), मग व्हीलॅन आयडी (आभासी नेटवर्कचा क्रमांक), मग प्रायॉरिटी, मग 'फिल्टर कायम ठेवायचा का' आणि शेवटी 'लॉक (दोघांनी एकाच वेळी डेटा बदलू नये म्हणून लावायचं कुलूप) आधीच घेतलंय का'. परत डिफकडे येऊन चार कॉल वाचेपर्यंत हा क्रम डोक्यातून गेलेला असतो. एडिटर पॅरामीटरची नावं कॉलमध्येच दाखवतो, पण पॅच मेलमध्ये साध्या मजकुरासारखा वाचायचा असतो. तिथे त्याचा काही उपयोग नाही.

नुसता डोळ्यांना त्रास असता तर धागा काढला नसता. गेल्या महिन्यात अशाच एका पॅचला मी होकार दिला आणि त्यात क्यू नंबर आणि व्हीलॅन आयडी यांची अदलाबदल झालेली होती. दोन्ही यू१६ (१६ बिटांचे पूर्णांक), त्यामुळे कंपायलरने चकार शब्द काढला नाही. चाचणी क्यू १ आणि व्हीलॅन १ घेऊन केली होती, म्हणजे उलटं लिहिलं तरी निकाल तोच! पुढे व्हीलॅन ५ ची पॅकेट्स क्यू २ वर आणायची होती, तेव्हा फिल्टर बसला तो व्हीलॅन २ साठी, क्यू ५ वर. पॅकेट हरवलं एकही नाही. सगळी आरएसएसच्या (पॅकेट्स क्यूंमध्ये वाटून देणारी यंत्रणा) हॅशप्रमाणे वेगवेगळ्या क्यूंमध्ये विखुरली, म्हणून कुठेच एरर नाही. इथटूलमध्ये (नेटवर्क कार्डाची माहिती आणि सेटिंग पाहायचं साधन) प्रत्येक क्यूचे आकडे वेगवेगळे काढून पाहिले तेव्हा उलगडा झाला. दोन दिवस गेले. होकार माझा होता, त्यामुळे ते मनाला लागलंय.

आतापर्यंत सुचलेले उपाय असे. कॉलमध्येच प्रत्येक आकड्याच्या आधी नावाची कॉमेंट लिहायला सांगितली, पण पुढे कुणी पॅरामीटरचा क्रम बदलला की तीच कॉमेंट खोटं सांगायला लागते. बूलच्या (ट्रू/फॉल्स) जागी एनम (नावं दिलेल्या किमतींची यादी) मागितला. वाचायला छानच, पण सीमध्ये एनम शेवटी इंटच, त्याच्या जागी साधा १ लिहिला तरी चालून जातं. ड्रायव्हर लिहिणाऱ्यांचं म्हणणं, 'चालणाऱ्या कोडला हात कशाला लावायचा?' त्यांचंही अगदीच चुकतंय असं वाटत नाही.

तुम्ही रिव्ह्यूमध्ये नेमकं काय मागता? आणि किती मागणं रास्त आहे? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १

सगळ्यात आधी तो लॉकवाला बूल काढायला लावा. कर्नलमध्ये त्यासाठी जुनी पद्धत आहे : लॉक घेणारं फंक्शन साध्या नावाचं, आणि लॉक घेतलेलं आहे असं गृहीत धरणारं त्याच नावाचं, पण सुरुवातीला दोन अंडरस्कोअर असलेलं. दुसऱ्यात लॉकडेप_असर्ट_हेल्ड टाका (लॉकडेप म्हणजे लॉकचे नियम पाळले जातात का ते तपासणारी कर्नलची सोय). मग ती अट निव्वळ वाचणाऱ्याच्या भरवशावर राहत नाही, लॉकडेप सुरू असलेल्या कर्नलवर मोडली की लगेच ओरडते.

दुसरं, सगळे कॉल एकदा ग्रेप करून (पूर्ण कोडमध्ये शोधून) बघा. एखाद्या पॅरामीटरला जवळपास सगळीकडे एकच किंमत जात असेल तर तो तिथे हवाच कशाला? नेटिफ_नापी_अ‍ॅडमध्ये वेटचा (एका फेरीत किती पॅकेट्स हाताळायची) चौथा पॅरामीटर होता आणि बहुतेक ड्रायव्हर तिथे ६४ च द्यायचे. २०२२ मध्ये तो काढला. ज्याला वेगळं वेट हवं त्याने नेटिफ_नापी_अ‍ॅड_वेट वापरायचं. तुमचा प्रायॉरिटीचा ० मला त्याच जातीचा वाटतो.

प्रतिसाद २

वरच्याशी सहमत. उरलेल्या क्यू आणि व्हीलॅनसाठी स्ट्रक्चर करा आणि भरताना प्रत्येक फील्डचं नाव लिहायला लावा. '.क्यू = २, .व्हीलॅन = ५' असं डिफमध्ये दिसलं की हेडर उघडायची गरजच उरत नाही, आणि क्रम बदलला तरी बिघडत नाही. कर्नलमध्येही हेच झालंय : इथटूलच्या आरएक्सएफएच ऑप्समध्ये (आरएसएसची हॅश सेटिंग वाचणाऱ्या-बदलणाऱ्या फंक्शनांमध्ये) इनडायरेक्शन टेबल, की आणि हॅश फंक्शन पूर्वी सुटे सुटे जायचे, ६.८ पासून एकाच स्ट्रक्चरचा पॉइंटर जातो.

पण एक सांभाळा. जे फील्ड भरायचं राहिलं ते शून्य होतं, आणि क्यू ० ही खरीखुरी क्यू आहे! तिथे 'दिलेलंच नाही' आणि 'शून्य दिलं' यात फरक करता येत नाही. म्हणून चाचणीत क्यू ० आणि क्यू १ दोन्ही टाळा, आणि क्यू नंबर व व्हीलॅन आयडी कधीही सारखे घेऊ नका.

चालणाऱ्या कोडला हात लावण्याबद्दल : अदलाबदलीची दुरुस्ती दोन शब्दांचीच ठेवा आणि नेट ट्रीकडे (दुरुस्त्यांच्या शाखेकडे) पाठवा, म्हणजे जुन्या स्टेबल कर्नलवर ती विनासायास जाईल. स्ट्रक्चरचा बदल नेट-नेक्स्टकडे (नव्या बदलांच्या शाखेकडे), वेगळ्या पॅचमध्ये. दोन्ही एकत्र केलंत तर लिहिणाऱ्यांचा आक्षेप बरोबर ठरेल.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. ग्रेप केलं : अकरा कॉल, प्रायॉरिटी सगळीकडे ०. लॉकवाला बूल फक्त एका ठिकाणी ट्रू आहे. प्रायॉरिटी काढायची आणि लॉकचं फंक्शन वेगळं करायचं, हे दोन पॅच आजच मागतेय. स्ट्रक्चरची मागणी त्यानंतर. अदलाबदलीची दुरुस्ती मी स्वतः लिहिली आहे, क्यू ३ आणि व्हीलॅन ७ घेऊन पुन्हा तपासून उद्या पाठवते.