चारुदत्ताचे काय करायचे?

नायकाने कथेचे चक्र स्वतः फिरवले पाहिजे, हा मुद्दा ‘मृच्छकटिक’ या संस्कृत नाटकाच्या नायकापुढे, चारुदत्तापुढे, टिकत नाही. चोरी करतो शर्विलक, धाडस दाखवते चारुदत्तावर प्रेम करणारी गणिका वसंतसेना, कारस्थान रचतो राजाचा मेहुणा शकार. चारुदत्त मात्र बहुतेक सोसतच राहतो. तरीही आपल्या परंपरेने त्याला धीरप्रशान्त (शांत, संयमी वृत्तीचा) नायक मानले आहे.

घराला भोक पाडलेले पाहून तो आधी त्या कारागिरीचे कौतुक करतो, आणि चोर बिचारा रिकाम्या हाताने गेला असेल म्हणून हळहळतो. गेलेले दागिने वसंतसेनेची ठेव होती हे ध्यानात येताच मात्र, ते आपण द्यूतात हरलो असा (चक्क खोटा) निरोप देऊन तो त्यांच्या बदल्यात पत्नीची रत्नमाला पाठवतो. माझ्या मते त्याचे नायकत्व या प्रसंगात आहे. शेवटी शकाराला दिलेल्या क्षमेतही ते इतके उमटत नाही.