मदत हवी आहे: शिडाच्या कयाकसाठी आधी काय घ्यावं?

होबी कंपनीची अ‍ॅडव्हेंचर आयलंड ही शिडाची कयाक घेतली आहे. दोन्ही बाजूंना उलांड्या (तोल राखणारे लांबट तरंगे), पायाने चालणारं मिराज ड्राइव्ह, डोलकाठीभोवती गुंडाळणारं शीड. चालवणार मालवणजवळच्या कर्ली खाडीत, देवबागच्या बाजूला. खाडी समुद्राला मिळते त्या संगमाजवळ ओहोटी आणि दुपारचा पश्चिमेचा वारा समोरासमोर आले की लाटा उभ्या राहतात, म्हणून लाइफ जॅकेट, शिट्टी, पाणी उपसायचा हातपंप आणि जादा वल्हं यांत तडजोड नाही.

अडलंय ते कयाक आणि उलांड्यांमध्ये ताणून बसवायच्या ट्रॅम्पोलिन जाळ्यांवर. सामानाला, पाय पसरायला जागा होते. पण आडव्या लाटेत त्या त्रास देतात का? कोणी वापरल्या असतील तर नक्की सांगा. मऊ पुळणीवर ओढायला रुंद फुगीर चाकांची गाडी लागेलच, फक्त खाऱ्या पाण्यात न गंजणारी कुठली? स्पिनेकर (पुढचं मोठं फुगणारं जादा शीड) सध्या नको.