चार वर्षांच्या पोरांना हरवलं-सापडलंची कार्टून: काही शिकतात का नुसती बसतात?

राजारामपुरीचा बाबा

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबडा आहे.

घरात दोन पोरं. माझी मुलगी, चार पूर्ण. भावाचा मुलगा, तीनला टेकलाय. दोघंही सध्या एकच कार्टून बघतात. प्राण्यांची टोळी असते, रोज गावात कुणाचं काहीतरी हरवतं, नायतर कुठनं तरी विचित्र आवाज येतो. मग भिंग घेऊन फिरायचं, ठसे बघायचे, शेवटी वस्तू सापडते आणि सगळे नाचतात. मारामारी नाही, आरडाओरडा नाही. म्हणून मलाही बरं वाटतं, आणि खरं सांगायचं तर तेवढ्या वेळात वहिनींच्या भाकरी थापून होतात.

अडचण अशी की मुलीनं सगळे भाग पाठ केलेत. टोळी दारातनं बाहेर पडायच्या आधीच ही ओरडते, "टोपलीत आहे, टोपलीत!" पुतण्या तिच्याकडं बघून ओरडतो, त्याला काय कळतंय देव जाणे. आणि ते एकमेकांना मदत करणं वगैरे म्हणाल, तर पडद्यावर चौघं गळ्यात गळे घालून असतात आणि इकडं हे दोघं रिमोटसाठी एकमेकांच्या झिंज्या उपटतात.

आई म्हणते हे बघून कुणी शहाणं होत नाही, डोळे मात्र जातात. बायको म्हणते बाकीच्या आदळआपटीपेक्षा हे शंभरपट बरं. मला दोघींचंही पटतं, म्हणून इथं आलो. या वयाची पोरं अशा कार्टूनमधनं डोकं चालवायला, मिळून काम करायला खरंच शिकतात का? आणि आपण काही करायचं असतं का, की नुसतं लावून द्यायचं?

गंगावेशचा भावा

टीव्ही बंद कर आणि पोरांना रंकाळ्यावर ने की. तिथं रोज काहीतरी हरवतंयच. चप्पल नायतर पोरगं.

बालवाडीची ताई

दादा, रंकाळ्यावर न्याच, पण प्रश्न चांगला विचारलाय तर उत्तरही नीट देते.

मी बालवाडीत शिकवते. साडेतीन ते पाच वर्षांची पोरं. वर्गात देणगीतनं आलेला मोठा टीव्ही आहे, आणि देणगीदार कधीही बघायला येतात, त्यामुळं तो झाकून ठेवता येत नाही. मग त्याचं करायचं काय, हे आपलं आपणच शोधावं लागलं.

पहिली गोष्ट, मुलीनं भाग पाठ केलाय याची काळजी सोडा. अमेरिकेत १९९६ साली निकलोडियनवर 'ब्लूज क्लूज' नावाची मालिका सुरू झाली. निळी कुत्री तीन ठिकाणी पंजाचे ठसे ठेवते आणि त्यावरनं तिला काय हवंय ते ओळखायचं, एवढीच गोष्ट. ती करणाऱ्यांनी मुद्दाम एकच भाग सोमवार ते शुक्रवार रोज दाखवला. मोठ्या माणसाला वेड लागेल. पण अभ्यास करणाऱ्यांना दिसलं की पोरं कंटाळत नाहीत, उलट रोज जास्त बोलायला लागतात आणि कोडं कसं सुटलं ते त्यांना जास्त समजतं. पहिल्यांदा बघताना पोराची सगळी ताकद काय चाललंय हे समजण्यातच जाते. विचार करायला जागा नंतर होते. आजीकडनं तीच गोष्ट रोज मागतात ते काय उगीच नाही.

त्याच मालिकेतली दुसरी युक्ती म्हणजे प्रश्न विचारून थांबणं. त्या कुत्रीसोबत एक सूत्रधार माणूस असायचा, तो पडद्यातनं सरळ पोराकडं बघायचा आणि गप्प राहायचा. चांगलं दोन-तीन श्वास जातील एवढा. बऱ्याच कार्टूनमध्ये ही जागा ठेवतच नाहीत. प्रश्न संपायच्या आत उत्तर. तिथं तुमचा रिमोट कामाला येतो. वस्तू सापडायच्या जरा आधी थांबवा. पण "कुठं असेल?" असं विचारू नका, कारण मग तुमची लेक टोपली म्हणणार आणि विषय संपणार. "आपण आतापर्यंत काय काय बघितलं?" असं विचारा. टोपलीवर काय दिसलं? चिखल कुणाच्या पायाला होता? आज पाऊस होता का? उत्तर तिला येतंय, ते कसं आलं हे सांगायला लावायचं. तिथं पोरं अडखळतात, आणि तिथंच त्यांचं डोकं चालायला लागतं.

आता मिळून काम करण्याचं. ते नुसतं बघून येत नाही, हे मी छातीठोक सांगते. आमच्या प्रशिक्षणात मिल्ड्रेड पार्टन यांचं नाव होतं. त्यांनी १९३२ साली मुलांच्या खेळण्याच्या पायऱ्या मांडल्या. त्यात एक पायरी अशी की पोरं शेजारी-शेजारी बसतात, एकाच वाळूत खेळतात, पण आपापलं. तीनच्या आसपास हे भरपूर दिसतं. एकमेकांची कामं वाटून घेऊन खेळणं त्याच्या पुढचं, चार-पाचच्या सुमाराला जोर धरणारं. म्हणजे तुमचा पुतण्या दुष्ट नाही, लहान आहे.

आम्ही काय करतो ते सांगते. वर्गात एक कापडी कुत्रं आहे, मोती. चैत्रात जोतिबाची यात्रा झाली की चार दिवस सगळं कोल्हापूर गुलाबी असतं, आमच्या मावशीबाईंच्या साडीपासनं चपलांपर्यंत. अशाच एका दिवशी सकाळी मोती जागेवर नव्हता. फळीवर गुलालाचा एक पुसट पट्टा, खाली फरशीवर पाण्याचे थेंब, दाराशी कपडे वाळत घालायचा लाकडी चिमटा, आणि मोरीजवळ साबणाचा चुरा. (हे सगळं मी आणि मावशींनी पोरं यायच्या आधी मांडलं होतं, उघड आहे.) सगळ्या पोरांना सगळं दाखवलं नाही. चार गट केले, प्रत्येक गटाला एकच वस्तू बघायला दिली. आणि नियम एक. आपल्याला काय मिळालं ते मधल्या सतरंजीवर ठेवायचं नायतर येऊन सांगायचं.

पहिला प्रकार काय झाला, तर चिमटा ज्याला मिळाला त्यानं मूठ घट्ट मिटली आणि खांबाला टेकून उभा राहिला. "माझाय." बाकीचे भोवती. मी त्याला दे म्हटलं नाही. मी सतरंजीवरच्या वस्तूंकडं बघून मोठ्यानं म्हटलं, "गुलाल आहे. पाणी आहे. साबण आहे. म्हणजे मोती अंघोळीला गेला असेल. पण अंघोळ झाल्यावर कुठं गेला ते काही कळंना बाई." जरा वेळ शांत. मग एक मुलगी त्याच्याजवळ गेली आणि त्याच्या मुठीला कान लावला. खरंच कान लावला. तो हसला आणि त्यानं मूठ उघडली. "चिमटा!" मग एकच कल्ला. "दोरीवर! मागं! मावशी जोतिबाला गेलती, तिनं हात लावला!" सगळी मागच्या अंगणात पळाली. मोती दोरीला कानांनी लटकलेला.

जमलं ते एवढ्यासाठी की एकट्याला सोडवताच येणार नाही असं कोडं होतं. गळ्यात गळा घाला म्हणून सांगायची वेळच आली नाही. जर्मनीतल्या संशोधकांनी २०११ साली असंच काहीसं दाखवलं. तीन वर्षांच्या पोरांना जोडीनं दोऱ्या ओढून फळी जवळ आणायला लावली, वर खेळणी होती. एकाला जास्त, एकाला कमी मिळतील अशी. दोघांनी मिळून ओढली असेल तर जास्तवाला आपणहून समान वाटण्या करायचा. आयती मिळाली असतील तर तेवढं नाही. आपल्याकडं दहीहंडीची वर्गणी काढणाऱ्यांना हे न शिकवताच माहीत असतं, ते असो.

निवडताना मी एकच गोष्ट कटाक्षानं बघते. हरवलं असेल तर चालेल, चोरलं असेल तर नको. कारण सांगते. चोर असलेलं एक कार्टून वर्गात लागलं होतं, दुसऱ्या दिवशी पोरं 'चोर कोण' खेळायला लागली. आणि दर वेळी चोर कोण, तर ज्याचा शर्ट मळका असतो तो. दर वेळी तोच. चार वर्षांची पोरं पुरावा बघत नाहीत हो, माणूस बघतात. कार्टूनमध्ये वस्तू वाऱ्यानं उडाली, वासरानं ओढून नेली, कुणीतरी मदत म्हणून उचलून ठेवली, असं असलं की संशय कुणावर जात नाही आणि डोकं वस्तूकडं राहतं.

शिवाय उत्तराचा धागा पडद्यावर पोराला आधी दिसलेला पाहिजे. शेवटी आभाळातनं उत्तर पडणार असेल तर त्याला रहस्य म्हणू नका, ते नुसतं वेळ काढणं. आणि संगीत ऐकून बघा. चित्रापेक्षा पोरं त्यालाच जास्त घाबरतात.

तीन पाळ्यांची सिस्टर

ताईंचं सगळं पटलं. फक्त वेळेचं कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली सांगितलंय, दोन ते चार वर्षांच्या पोरांना बसून पडदा बघणं दिवसाला एक तासाच्या आत, कमी तेवढं चांगलं. आपल्या इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सचंही तेच, दोन ते पाच वयाला जास्तीत जास्त एक तास आणि तोही मोठं माणूस जवळ असताना. त्या तासात मोबाइलवरचं गाणं, आजोबांच्या बातम्या आणि जेवताना लावलेलं सगळं धरायचं. लोक कार्टून मोजतात आणि बाकीचं सोडून देतात.

आणि भाकरी होईपर्यंत टीव्ही लावला म्हणून मनाला लावून घेऊ नका. सगळ्यांच्या घरात भाकरी होतात.

आवाज बंद

मी आजोबा. माझा अनुभव वेगळ्या बाजूनं. ही कार्टून बहुतेक हिंदीत नायतर इंग्रजीत. नात हिंदीत "सुराग मिला" म्हणायला लागली तेव्हा मी सरळ आवाज बंद केला आणि शेजारी बसून मीच बोलायला लागलो. "आता हे सशाचं पिल्लू कुठं निघालं गं सकाळी सकाळी? अंघोळ केली का त्यानं?" काय बोलतात ते मलाही माहीत नसतं, त्यामुळं आम्हा दोघांनाही बघूनच ओळखावं लागतं. मी चुकीचं सांगितलं की ती मला दुरुस्त करते, "नाही आबा, ते रडत नाही, शिंकतंय." बाबूराव पेंटरांनी ज्या कोल्हापुरात मूकपट काढले तिथं आवाजाशिवाय चित्र बघायला कसली लाज.

राजारामपुरीचा बाबा

ताई, सिस्टर, आबा, मनापासून आभार. आई हे वाचून म्हणाली "मी तेच सांगत होते", काय सांगत होती ते विचारलं नाही.

ताई, एक शंका. मुलीचं समजलं. पण पुतण्याचं बघा. काल कार्टूनमधला चेंडू पलंगाखाली सापडला, तसाच आमचा चेंडू मी त्याच्यासमोर पलंगाखाली ढकलला आणि शोध म्हटलं, तर लगेच काढला. पण मोबाइलवर चित्रण दाखवलं की चेंडू कपाटामागं ठेवलाय, तर बघून हसला आणि गेला खेळायला. त्याला कळलंच नाही का?

बालवाडीची ताई

हा तर मोठमोठ्या लोकांनी केलेला प्रयोग तुम्ही घरात केलात. ट्रोसेथ आणि डिलोश या दोघींनी १९९८ मध्ये बघितलं होतं. शेजारच्या खोलीत खेळणं लपवताना दोन वर्षांच्या पोरांना काचेतनं दाखवलं तर ती जाऊन बरोबर काढायची. तेच टीव्हीवर दाखवलं तर बरीचशी गोंधळायची. अडीच वर्षांच्या पोरांना मात्र बहुतेक वेळा जमायचं. पडद्यावरचं हे आपल्याच घरातलं, हे कळायला वेळ लागतो. त्याला तीन होतायत म्हणजे आता जमायला लागेल, पण एकदा हसून गेला म्हणून काही ठरवू नका. त्या वेळी त्याला दुसरा खेळ जास्त आवडला असेल, एवढंच.

त्याला तोवर हाताचं काम द्या. तुमची लेक सांगेल तो डबा उघडायचा, सापडलेलं सतरंजीवर आणून ठेवायचं. आणि डबा अशा जागी ठेवा की लेकीला तिथं पोचताच येणार नाही. उदाहरणार्थ पलंगाखाली अगदी आत, जिथं फक्त त्याचंच अंग मावतं. मग ती त्याच्या झिंज्या ओढत नाही, त्याला विनवते.

राजारामपुरीचा बाबा

हे भारी आहे. रविवारी करतो. गुलाल आहे घरात, जोतिबाच्या डोंगरावरनं, वाडी रत्नागिरीहून आणलेला.

बालवाडीची ताई

गुलाल नको, दादा. फरशीला ओला झाला की डाग जात नाही आणि पोरं तोच हात डोळ्याला लावतात. आमच्याकडं फळीवर चिमूटभरच होता आणि लगेच पुसला. तुम्ही तांदळाची पिठी घ्या, पावलांचे ठसे छान उठतात. फक्त वहिनींना विचारून घ्या.