मदत हवी आहे: बर्फ-मिठाच्या रस्त्यांवर रोजच्या गाडीला कॉइलओव्हर कोणते?

मंडळी, गाडीचे शॉक संपलेत. स्पीडब्रेकरवरून उतरली की मागचा भाग डुलतच राहतो. बदलायचेच तर कॉइलओव्हर (स्प्रिंग आणि शॉक एकत्र, उंची बदलता येणारे) घ्यावेत म्हणतोय. पण हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. आटे गंजून कॉलर (आट्यांवर फिरवून उंची बदलायची रिंग) जाम झाली की उंची 'अ‍ॅडजस्टेबल' फक्त खोक्यावर!

केडब्ल्यू कंपनीचे व्ही१ स्टेनलेस स्टीलचे, पण डॅम्पिंग (स्प्रिंगचे हेलकावे आवरण्याचा जोर) ठरलेलं. व्ही२ मध्ये रिबाउंड (दबलेली स्प्रिंग परत उसळतानाचा जोर) बदलता येतो. रोजच्या वापराला तो खरंच लागतो, की नुसती हौस? शिवाय काही किटची सगळ्यात वरची सेटिंगही मूळ उंचीपेक्षा खालीच असते. मग बर्फ बंपरनेच ढकलायचा का?

कडाक्याच्या थंडीत, तेल घट्ट असताना, सकाळी गाडी किती आदळते? आट्यांना काय लावता? प्रत्यक्ष वापरणाऱ्यांनी सांगा, प्लीज.