उडत्या बोटीच्या तळातली 'स्टेप' : पायरी, टप्पा की खाच?

सुकाणू : पहिल्या महायुद्धात उत्तर समुद्रावर गस्त घालणाऱ्या फेलिक्स्टो एफ.२ए या ब्रिटिश उडत्या बोटीवरचा (म्हणजे होडीसारखं धड असलेल्या, पाण्यावर उतरणाऱ्या विमानावरचा) लेख मराठीत आणतोय. बोटीच्या तळाला मध्येच आडवी 'स्टेप' असते. 'पायरी' लिहिलं, तर वाचक चढण्याची पायरी समजेल असं संपादकांचं म्हणणं. त्यांनी 'टप्पा' सुचवलाय, तो मला पटत नाही. काय लिहावं?

बंदरकर : 'टप्पा' नकोच, तो प्रवासाला. ती स्टेप करते काय ते बघा. वेग घेताना तळाचा मागचा भाग पाण्याला चिकटून राहतो, पाणी त्याला धरून ठेवतं. तळ जिथे एकदम वर उचललेला असतो तिथे मागे हवा शिरते, पाणी सुटतं आणि बोट नुसत्या पुढच्या भागावर पळू लागते. इतकं करूनही आरशासारख्या संथ पाण्यावरून भरलेली बोट लवकर सुटत नाही; बारीक लाटा असल्या की पटकन सुटते. मी 'खाच' म्हणेन.

पठाण : खाच कोरून होते. इथे तळाची पातळीच बदलते, म्हणून 'पायरी'च बरोबर. नाहीतर सरळ 'स्टेप' लिहा, कारखान्यात तेच म्हणतील. खरा मुद्दा तळाच्या मजबुतीचा आहे. आधीच्या अमेरिकी उडत्या बोटीचे, कर्टिस एच-१२ चे, पंख उत्तम, पण बोटीचा तळ उसळत्या समुद्रात टिकेना. ब्रिटिश नौदलातल्या जॉन सिरिल पोर्टनं त्याच पंखांखाली आपली भक्कम बोट बसवली, ती एफ.२ए. लेखात हे आलं नाही तर पायरी कशाला सांगायची?

दूरबीण : 'जलविमान' लिहून मोकळे व्हा ना, बोट-बोट कशाला?

बंदरकर : मुळीच नाही. २०१७ च्या डिसेंबरात गिरगाव चौपाटीजवळ उतरलं ते फ्लोटवालं, म्हणजे खाली तरंगणारे पोकळ तराफे लावलेलं विमान, त्याला जलविमान म्हणा. इथे धडच होडी आहे. ४ जून १९१८ च्या जर्मन जलविमानांशी झालेल्या चकमकीआधी पेट्रोलची नळी तुटून एक एफ.२ए खाली उतरली आणि पाण्यावरून चालत डच किनाऱ्याला लागली. बोट होती म्हणून ते जमलं.

पठाण : 'चालत' चालेल का? होडी चालते, विमान धावतं. तिनं इंजिनाच्या जोरावर पाणी कापलं.

सुकाणू : गस्तीच्या आखणीलाही शब्द हवाय. उत्तर समुद्रात नांगरलेल्या नॉर्थ हिंडर दीपनौकेभोवती (दीपस्तंभाचं काम करणारी नौका) ६० सागरी मैल रुंदीचा अष्टकोन, मधून ३०-३० मैलांच्या आठ रेषा, त्यांना जोडणाऱ्या आडव्या रेषा. इंग्रजीत याला कोळ्याचं जाळं म्हणतात.

दूरबीण : मग 'कोळ्याचं जाळं'च लिहा, पण आपल्याकडे वाचक आधी मासेमारीचं जाळं समजेल. 'कोळिष्टक' घ्या.

बंदरकर : कोळिष्टक म्हणजे माळ्यावरची जळमटं. ही आखणी नेमकी होती : पाण्यावरून जाणाऱ्या पाणबुडीला ते क्षेत्र ओलांडायला दहाएक तास लागत, आणि त्याचा एक चतुर्थांश भाग बोट पाच तासांच्या आत धुंडाळत असे. 'जाळेगस्त' म्हणा.

पठाण : 'जाळेगस्त' कोणी बोलणार नाही. आणि जलविमानाच्या भांडणात एक राहिलंच : एफ.२ए च्या खालच्या पंखांच्या टोकांशीही तोल सांभाळायला छोटे फ्लोट होते. फ्लोट दिसला की जलविमान, हा नियम करू नका.