वेडा ठरला की खुनी सुटतो का? मामाशी वाद झालाय, मदत करा

निशा_शिरोळ:
मी एमए सायकॉलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, पुढे फॉरेन्सिकमध्ये जायचं डोक्यात आहे. रविवारी मामा जेवायला आला होता, तो पोलिसात होता, हवालदार म्हणून रिटायर झाला. तांबडा रस्सा ओरपता ओरपता म्हणतो कसा, तुमचं ते शास्त्र म्हणजे खुन्याला सोडवायची युक्ती, डॉक्टरनं कागद दिला की गडी मोकळा. मी पुस्तकातलं काहीतरी सांगायला गेले तर म्हणाला, 'बाळा, लॉकअपमध्ये आल्यावर सगळ्यांनाच वेड लागतं', आणि सगळे हसले, आई पण. मला खरंच माहीत नाहीये म्हणून विचारते, स्किझोफ्रेनिया, म्हणजे भास-भ्रमाचा तो आजार, आहे असं निघालं की कोर्ट सोडून देतं का? आणि सोडलं तर तो माणूस जातो कुठे, घरी?

काळा_कोट:
निशाताई, मी सेशन्सला १९ वर्षं प्रॅक्टिस करतोय, हा बचाव चाललेला बोटावर मोजण्याइतक्या वेळा पाहिलाय. आजार असणं आणि कायद्यानं वेडा ठरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, इथंच सगळे गंडतात. जुनं आयपीसी ८४, आता बीएनएसचं, म्हणजे भारतीय न्याय संहितेचं, कलम २२, ते एवढंच विचारतं की कृत्य करताना, म्हणजे नेमकं त्या वेळी, आपण काय करतोय किंवा हे चूक आहे, कायद्याविरुद्ध आहे हे कळण्याची कुवत त्याला होती का. फाइल कितीही जाड असू दे, तेवढ्यानं भागत नाही. आणि हे शाबीत करायचं ओझं आरोपीवर, फक्त ते सरकारी पक्षाइतकं कडक नाही, शक्यतेचं पारडं झुकलं तरी पुरे, हे सुप्रीम कोर्टानं १९६४ च्या दह्याभाई ठक्करच्या निकालात सांगितलंय.

मामांना रमण राघव आठवत असेलच, मुंबईच्या उपनगरांत झोपड्यांत आणि फुटपाथवर झोपलेल्यांना मारायचा. ऑगस्ट १९६८ मध्ये सबइन्स्पेक्टर अॅलेक्स फियालोंनी त्याला ओळखून पकडला. आधी तोंडच उघडेना, मग चिकन मागितलं, पोटभर खाल्लं आणि बोलायला लागला. खटला सुरू झाल्यावर वकिलानं हरकत घेतली म्हणून जवळजवळ महिनाभर ऑब्झर्वेशनखाली ठेवला, पोलीस सर्जननं ठणठणीत आहे म्हणून सांगितलं. बचावाचे मानसोपचारतज्ज्ञ म्हणाले याला जुनाट पॅरनॉइड, म्हणजे संशयाच्या भ्रमाचा, स्किझोफ्रेनिया आहे, आपण माणसं मारतोय हे त्याला कळतं पण ते चूक आहे हे कळत नाही. म्हणजे बघा, अख्खी केस त्या कलमातल्या एका 'किंवा'वर अडकली. कोर्टानं फाशीच दिली. हायकोर्टात तीन मानसोपचारतज्ज्ञांचं बोर्ड बसलं, पाच वेळा, दरवेळी दोनेक तास. त्याचं म्हणणं असं की जगं दोन आहेत, एक 'कानून'चं आणि एक हे आपलं, आणि लोक मला बाई बनवायला बघतायत पण मी एकशे एक टक्के पुरुष आहे. शेवटच्या दिवशी डॉक्टरांनी निरोप घ्यायला हात पुढे केला तर यानं हात दिला नाही, मी कानूनचा माणूस, तुमच्या पापी जगातल्यांना शिवणार नाही म्हणे. पुढे फाशीची जन्मठेप झाली, येरवड्यात राहिला आणि १९९५ मध्ये ससूनमध्ये किडनी निकामी होऊन गेला. सुटला कुठे? मामांना विचारा एवढं.

खवचट_खान्देशी:
वकीलसाहेब किस्सा भारीच पण एका केसवरून काय होतं. सोंग घेणारे नसतात का? आमच्याकडे एक जण कोर्टात माती खायला लागला होता.

सिस्टर_माई:
खान्देशी भाऊ, असतात की. मी सरकारी मनोरुग्णालयात २६ वर्षं काढलीत, कुठल्या ते सोडा. कोर्टाकडून आलेल्या पेशंटला वॉर्डात ठेवतात ते काय त्याच्याशी गप्पा मारायला नाही, रात्रपाळीची सिस्टर काय लिहिते त्यावर खूप असतं. सोंग घेणारा राउंडच्या वेळी बडबडतो आणि डॉक्टर गेले की कॅरम खेळतो, जेवणाची घंटा झाली की सगळ्यात पुढे. आणि तो वेडेपणा सिनेमात बघून शिकलेला असतो, म्हणजे भास विचारले की म्हणणार मला साप दिसतो, भूत दिसतं, वाघ दिसतो, जे विचाराल ते सगळंच दिसतं! खऱ्या आजारात आवाज ऐकू येणं जास्त, आणि खरा आजारी माणूस उलट लपवतो, मला काही नाही म्हणतो, गोळी जिभेखाली धरतो. माती खाण्याचं म्हणाल तर त्यावरून काहीच ठरत नाही, हो पण नाही आणि नाही पण नाही.

निशा बाळा, तुझा दुसरा प्रश्न, जातो कुठे. खटला समजण्याच्या अवस्थेतच नसेल तर खटला थांबतो आणि तो उपचाराला. वेडसरपणामुळे निर्दोष ठरला तरी कोर्ट त्याला सुरक्षित ठिकाणी ठेवायला सांगतं, नाहीतर नातेवाइकांनी हमी दिली तर त्यांच्या ताब्यात. आणि हमी द्यायला येतंय कोण? एक आजोबा होते आमच्याकडे, त्यांच्या भावाला कितीतरी पत्रं गेली, मीच पत्ता लिहायचे पाकिटावर. शेवटी जमीन विकल्याचं कळलं पण भाऊ आला नाही. कोणी 'ठाण्याला पाठवा याला' म्हणून हसलं की मला अजून हसू येत नाही.

परदेशी_पाहुणा:
उशिरा आलो. मी इंग्लंडमध्ये याच क्षेत्रात काम करतो म्हणून दोन गोष्टी. वकीलसाहेबांचं ते कलम मुळात इकडचंच, १८४३ मध्ये डॅनियल मॅकनॉटननं पंतप्रधान पील समजून त्यांच्या सेक्रेटरीला, ड्रमंडला, गोळी घातली, ज्युरीनं वेडा म्हणून निर्दोष ठरवला आणि तेव्हाही सगळीकडे अगदी मामांसारखीच ओरड झाली, राणी व्हिक्टोरियासुद्धा चिडली. त्यातून ते नियम निघाले. 'सुटलेला' मॅकनॉटन १८६५ मध्ये मेला तो बंद दाराआडच, आधी बेथलेम मग ब्रॉडमूरच्या मनोरुग्णालयात.

दुसरं, मानसिक आजार म्हणजे गुन्हेगार हे समीकरण रिसर्चमध्ये टिकत नाही. १९९८ मध्ये अमेरिकेत मॅकआर्थर स्टडी आली, हॉस्पिटलमधून घरी सोडलेल्या पेशंटची तुलना पिट्सबर्गमधल्या त्याच गल्लीत राहणाऱ्या इतर लोकांशी केली, तर दारू-ड्रग्ज नसलेले पेशंट आणि तसेच शेजारी यांच्या हिंसेत फरक दिसला नाही. नशा आली की आकडा वाढतो, तो दोघांचाही. उलट बाजूनं बघाल तर तुरुंगात आजार भरपूर: २००२ मध्ये फाझेल आणि डॅनेश यांनी १२ देशांतले ६२ सर्व्हे एकत्र केले, साधारण सातातला एक कैदी सायकोसिस (वास्तवाचं भान सुटणं) किंवा मोठ्या डिप्रेशनचा. आपल्याकडे दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठातल्या प्रोजेक्ट ३९ए या संशोधन गटानं २०२१ मध्ये फाशीच्या ८८ कैद्यांची तपासणी छापली, ६२ टक्क्यांना काही ना काही मानसिक आजार. आता यातले किती जण आजार घेऊन आत गेले आणि किती आत जाऊन आजारी पडले हे वेगळं काढणं महाकठीण, त्यामुळे निशा, तुझा मामा लॉकअपबद्दल जे बोलला ते अगदीच टाकाऊ नाही.

आणि सायकोपॅथ म्हणजे वेडा नव्हे. सायकोपॅथ, म्हणजे दयामाया-पश्चात्ताप नसलेला माणूस, ओळखायची हेअरची चेकलिस्ट २० मुद्द्यांची, ४० पैकी ३० च्या वर गेला तरी काय करतोय ते त्याला चांगलं कळतं, म्हणून वेडाचा बचाव त्याला मिळत नाही. वेबसिरीजमध्ये या दोघांची खिचडी करतात.

निशा_शिरोळ:
सगळ्यांना थँक्यू! मामाला फोनवर सगळं वाचून दाखवलं. फियालोंचं नाव त्याला माहीत होतं, चिकनचा किस्सा पण. माईंचं वाचल्यावर म्हणाला, आमच्या पोलीस ठाण्यात एक जण दर आठवड्याला यायचा, तालुक्यात कुठेही चोरी झाली की मीच केली म्हणून सांगायला, आम्ही चहा पाजून हाकलायचो. मी म्हटलं दवाखान्यात का नाही नेलं, तर म्हणाला, गाडी कुणाच्या बापाची होती. मग पुढचा रविवार कधी ते विचारलं आणि फोन ठेवला.

पाहुणादादा, गांधीनगरच्या फॉरेन्सिक युनिव्हर्सिटीत अर्ज करू की आधी बंगळुरूला निमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेत इंटर्नशिप बघू? माई, तुम्ही पण सांगा.

सिस्टर_माई:
कुठेही जा, आधी महिनाभर रात्रपाळी बघ.